इंग्रजी कादंबरी, मराठी घर: शाळेने लावलेलं पुस्तक मुलांकडून वाचून कसं घ्यायचं

केजीपासून इंग्रजी माध्यमात असलेली, इंग्रजीत फाडफाड बोलणारी मुलं सातवी-आठवीत पहिल्यांदा दोनशे पानांची कादंबरी हातात घेतात आणि त्यातली बरीचशी पंचविसाव्या-तिसाव्या पानाशी अडकतात. घरच्यांना वाटतं आळस आहे, मोबाइलचा नाद आहे. बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. पाठ्यपुस्तकातला धडा चार पानांचा. कठीण शब्दांचे अर्थ तिथेच छापलेले, बाई वर्गात वाचून समजावतात, आणि प्रश्नाचं उत्तर धड्यातली दोन वाक्यं उचलून लिहिता येतं. कादंबरीत यातलं काहीच नसतं. पात्रं दहा-बारा, काळ शंभर वर्षांपूर्वीचा, गाव कधी न पाहिलेलं, आणि कोण काय लपवतंय हे लेखक सरळ सांगत नाही, ते वाचणाऱ्याने ताडायचं असतं.

मग घरात फर्मान निघतं: "आजपासून घरात इंग्रजीच बोलायचं." ते काढू नका. मूल ज्या भाषेत भांडतं, थापा मारतं, हट्ट करताना मुद्दे काढतं, त्या भाषेत त्याचं डोकं सर्वांत वेगाने चालतं. अमुक पात्र असं का वागलं याचा उलगडा मराठीत झाला, की तो इंग्रजीत मांडायचं तेवढं काम उरतं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धान्त हेच सांगतो: एका भाषेत कमावलेली वाचनाची आणि विचाराची समज दुसऱ्या भाषेत वाया जात नाही, ती तिथेही वापरता येते. म्हणून क्रम असा ठेवायचा: वाचन इंग्रजीत, गप्पा मराठीत, आणि लेखी उत्तर पुन्हा इंग्रजीत. मधली पायरी गाळली तर मूल न कळलेली वाक्यं पाठ करून लिहू लागतं.

आधी पुस्तक तोलून बघा

पहिलं पान घेऊ नका, ते अनेकदा सर्वांत अवघड असतं. मधलं कुठलंही एक भरगच्च पान निवडा. मुलाला ते मनात वाचू द्या आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने ठिपका द्यायला सांगा. साध्या आकाराच्या पुस्तकात पानावर साधारण २५० शब्द असतात. पाचापर्यंत ठिपके आले तर मूल ते पुस्तक एकट्याने वाचू शकेल. सहा ते बारा आले तर सोबत लागेल. पंचविसाच्या आसपास गेले तर दर दहात एक शब्द अनोळखी आहे, आणि तिथे गोष्टीचा धागा हातात राहत नाही. पण शाळेने लावलेलं पुस्तक बदलता येत नाही. तेव्हा आधी त्याच कादंबरीची संक्षिप्त, सोप्या इंग्रजीतली आवृत्ती आठवडाभरात वाचून घ्या आणि मग मूळ पुस्तकाकडे वळा.

ठिपके मोजून झाले की पुस्तक मिटा आणि विचारा, "या पानावर काय झालं ते मराठीत सांग." तीन-चार वाक्यं आली की झालं. ठिपके दोनच, पण सांगता काहीच येत नाही, असंही होतं. हा प्रकार जास्त काळजीचा. मुलाला न कळलेलं कळलंय असं वाटतंय. त्याचं कारण बहुधा छोट्या शब्दांत असतं. त्याकडे पुढे येऊ.

मग वेळेचा हिशेब. मूल मनात वाचत असताना तीन मिनिटं लावा, किती ओळी झाल्या ते मोजा, एका ओळीतल्या शब्दांनी गुणा आणि तिनाने भागा. समजा मिनिटाला १०० शब्द निघाले. १८० पानांचं पुस्तक म्हणजे ४५,००० शब्द, म्हणजे ४५० मिनिटं, साडेसात तास. रोज २५ मिनिटं धरली तर १८ दिवस. आठवड्यातून एक सुट्टी, एखादं प्रकरण पुन्हा वाचणं आणि घरातलं एखादं लग्नकार्य धरून चार आठवडे हातात ठेवा. युनिट टेस्टच्या तारखेपासून मागे मोजा आणि कॅलेंडरवर पानांचे आकडे लिहा. "रविवारी बसून तीन तासांत उरकू" हे जमत नाही. अर्ध्या तासानंतर डोळे ओळींवरून फिरतात, डोक्यात काही जात नाही, आणि पुढच्या रविवारपर्यंत पात्रांची नावंही पुसून जातात.

पहिलं पान उघडण्याआधी

वीस मिनिटं पुरतात. गोष्ट कुठे घडते आणि कधी, एवढं मुलाला माहीत असलं की पहिल्या प्रकरणातला निम्मा गोंधळ जातो. नकाशा काढा, साल शोधा, आणि त्या साली आपल्याकडे काय चाललं होतं ते सांगा.

उदाहरण घ्यायचं तर ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारण्याची कादंबरी. २०२० साली आलेल्या बारावीच्या इंग्रजी 'युवकभारती'त तिचा उतारा आहे, आणि खालच्या वर्गांना तिच्या संक्षिप्त आवृत्त्या बऱ्याच ठिकाणी लावतात. ती १८७२ मधली आणि मूळ फ्रेंच. म्हणजे मूल जे वाचतं ते इंग्रजी भाषांतरच आहे. नायक मुंबईत उतरतो, त्याचा नोकर मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि त्यातून पुढे खटला उभा राहतो. पुढे अलाहाबादच्या अलीकडे रेल्वेमार्ग अपुरा निघतो म्हणून हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात मुंबईहून कलकत्त्यापर्यंतचा लोहमार्ग १८७० मध्येच जोडला गेला होता. हत्तीची गंमत जमावी म्हणून लेखकाने तो तोडला, असं म्हणायला हरकत नाही. एवढं आधी सांगितलं की मूल नकाशावर बोट ठेवून वाचायला लागतं. बूट घालून देवळात गेल्यावर काय होईल हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी तयारी म्हणजे पात्रांची पट्टी. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, तोच बुकमार्क. नवीन पात्र आलं की नाव, पान क्रमांक आणि तीन-चार शब्दांत ओळख: 'पान १४, थोरला भाऊ, खोटं बोलतो'. ओळख मराठीत लिहिली तरी चालेल. तुम्ही आधीच यादी करून देऊ नका. लिहिणारा हात मुलाचाच हवा, नाहीतर पट्टी नुसती पुस्तकात पडून राहते.

पहिली तीस पानं सोबतीने

कादंबरीतलं सर्वांत कठीण अंतर सुरुवातीचं असतं. तेवढं पार झालं की पात्रं ओळखीची होतात, लेखकाची वाक्यं कानात बसतात आणि वेग आपोआप वाढतो. म्हणून घरच्यांनी आपला वेळ तिथेच खर्च करावा.

एक पान ऐकायचं, एक पान मनात वाचायचं. ऐकताना नजर छापील ओळींवर. वाचून दाखवणारं कुणी घरात नसेल तर लिब्रिव्हॉक्सवर कॉपीराइट संपलेल्या जुन्या पुस्तकांची ध्वनिमुद्रणं फुकट मिळतात. ती स्वयंसेवकांनी वाचलेली असल्याने दर्जा कमी-जास्त असतो, तेव्हा दोन-तीन आवाज ऐकून निवडा. छापील मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मिळतो. शाळेने संक्षिप्त आवृत्ती लावली असेल तर मात्र ध्वनिमुद्रण जुळणार नाही, मूल ओळ शोधत बसेल. तिथे तुम्हीच वाचा. ध्वनिमुद्रणाचा वेग कमी करायचा असेल तर पाऊणपट केल्यावर आवाज ओढल्यासारखा वाटतो, ०.९ वर ठेवा.

"मोठ्याने वाच, मी ऐकते" ही सवय मात्र सोडायला हवी. मोठ्याने वाचताना मुलाचं सगळं लक्ष उच्चाराकडे आणि आपल्या चेहऱ्याकडे जातं. पान संपल्यावर काय झालं विचाराल तर त्याला सांगता येत नाही, आणि मग "लक्ष कुठे आहे तुझं?" हा प्रश्न येतो. लक्ष उच्चारातच होतं. वाचताना उच्चारासाठी अडवू नका. फारच गरज वाटली तर बैठक संपल्यावर एक-दोन शब्द सांगा.

आपलं स्वतःचं इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे राहणाऱ्या आईबाबांनी एवढंच करावं: ध्वनिमुद्रण लावावं, शेजारी बसावं, आणि मूल मराठीत गोष्ट सांगेल ती ऐकावी. शिकवायचं नाहीच आहे. ज्याला खरंच गोष्ट माहीत नाही असा ऐकणारा मिळाला तर मूल जास्त नीट सांगतं, कारण मधलं गाळून चालत नाही. हे काम आजी-आजोबा सगळ्यांत छान करतात.

अडवतात ते छोटे शब्द

लांबलचक शब्द मुलांना दिसतो, ते थांबतात, विचारतात. खरा घात करतात ते ओळखीचे वाटणारे शब्द.

'हार्डली' घ्या. मूल तो 'हार्ड'शी जोडतं आणि "ती जोरात उभी राहिली" असं समजून पुढे जातं. वाक्यात असतं की तिला जेमतेम उभं राहता येत होतं. 'बेअरली' आणि 'स्केअर्सली' यांचंही तेच. या तीन शब्दांत नकार दडलेला असतो, ते दिसले की खाली रेघ मारायची, एवढा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका.

मग क्रियापदांच्या जोड्या. 'मेक', 'पुट', 'टेक', 'गिव्ह' हे शब्द पहिलीपासून येतात, म्हणून 'मेक आउट', 'पुट आउट', 'टेक इन', 'गिव्ह अवे' यांच्याखाली कधीच ठिपका पडत नाही. पण धुक्यात आकृती 'मेक आउट' करणं म्हणजे ती कशीबशी दिसणं. दिवा 'पुट आउट' करणं म्हणजे विझवणं. 'टेक इन' तर कुणाला घरात आसरा देणं, एखादी बातमी पचवणं किंवा फसवणं, यांपैकी काहीही असू शकतं. फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये एकच शब्द टाकला की हमखास चुकीचा अर्थ येतो. पूर्ण जोडी शोधायची, आणि तीही शिकणाऱ्यांसाठी केलेल्या शब्दकोशात. ऑक्सफर्डचा असा कोश ऑनलाइन फुकट पाहता येतो. त्यातल्या व्याख्या सोप्या शब्दांत असतात आणि प्रत्येक अर्थाला उदाहरणाचं वाक्य असतं.

तिसरा सापळा 'वुड'. व्याकरणाच्या तासाला मुलं तो 'जर-तर'मध्ये शिकतात. कादंबरीत 'एव्हरी ईव्हनिंग ही वुड वॉक टू द रिव्हर' असं येतं आणि मूल गोंधळतं: जाईल? गेला असता? यातलं काहीच नाही, "रोज संध्याकाळी तो नदीवर चालत जायचा." मराठीतलं जायचा-यायचा-बसायचा हे रूप एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आणि 'हॅड'. लेखक भूतकाळातून आणखी मागे जातो तेव्हा पहिल्या एक-दोन वाक्यांत 'हॅड' वापरतो आणि नंतर साध्या भूतकाळावर येतो. मुलाला ते पहिलं 'हॅड' निसटलं की दहा वर्षांपूर्वीचं भांडण आज सकाळी झालं असं वाटतं, आणि मेलेलं पात्र पुन्हा बोलताना दिसतं. उपाय साधा आहे. गोष्ट मागे गेली की समासात डावीकडे बाण, परत आली की उजवीकडे बाण. परत येण्याची खूण बहुधा 'नाउ' हा शब्द असतो, नाहीतर दोन परिच्छेदांमधली मोकळी जागा.

शब्दकोशाला मर्यादा घाला: एका बैठकीत तीन शब्द. कुठले तीन? जो त्याच प्रकरणात दुसऱ्यांदा आला तो, आणि ज्याच्यावाचून काय घडलं ते सांगताच येत नाही तो. बाकीचे सोडून द्यायचे. इंग्लंडच्या माळरानावरच्या झुडपांची नावं आली तर 'कसलंतरी काटेरी झुडूप' एवढ्यावर पुढे जावं. शब्दांची वही घालायची असेल तर प्रकरणाला पाचच शब्द, आणि प्रत्येकासमोर पुस्तकातलं ते अख्खं वाक्य. 'शब्द = मराठी अर्थ' अशा लांब याद्या दिसायला छान असतात, पण दोन दिवसांनी त्यातलं काही आठवत नाही.

हे वाक्य कोण बोललं?

मराठी गोष्टीत 'म्हणाला' की 'म्हणाली' यावरून बोलणारा कळतो. इंग्रजीतल्या 'सेड'ला लिंग नाही, आणि बरेच लेखक आठ-आठ, दहा-दहा संवाद 'सेड' न लिहिताच जाऊ देतात. मुलांना एक नियम कुणी सांगितलेला नसतो: बोलणारा बदलला की नवा परिच्छेद सुरू होतो. तो सांगा. लांब संवाद आला की समासात पेन्सिलीने बोलणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर लिहीत जायचं. दोन-तीन प्रकरणांनंतर याची गरज उरत नाही.

'यू' मध्येही बरंच काही लपलेलं असतं. संवाद वाचून झाल्यावर विचारा, "हा तिला मराठीत काय म्हणाला असता, तू की तुम्ही?" उत्तर देण्यासाठी मुलाला दोघांचं वय, नातं, पैसा, राग सगळं तोलावं लागतं. जुन्या इंग्रजी कादंबरीत एखादं पात्र 'मिस्टर' किंवा 'मिस' सोडून नुसत्या पहिल्या नावाने हाक मारू लागलं, तर ते 'तुम्ही'वरून 'तू'वर आलेलं आहे. तिथे काहीतरी घडलंय. कॅरेक्टर स्केच लिहिताना हे निरीक्षण मांडणारं मूल वर्गात उठून दिसतं.

नावांचा घोळ वेगळाच. विल्यमचा बिल, रॉबर्टचा बॉब, एडवर्डचा नेड, मार्गारेटची पेगी. मूल दोन माणसं समजतं आणि दुसरी कुठे गेली ते शोधत बसतं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कुटुंबात थोरल्या अविवाहित मुलीला 'मिस' आणि आडनाव, तर धाकटीला 'मिस' आणि पहिलं नाव लावत. हे माहीत नसलं की बहिणींची अदलाबदल होते. 'अंकल' म्हणजे काका की मामा, 'कझिन' म्हणजे मामेभाऊ की चुलतबहीण, हे इंग्रजी शब्द सांगत नाहीत, आणि वारसाहक्काच्या गोष्टीत सगळं त्यावरच अवलंबून असतं. पट्टीच्या मागे वंशवृक्ष काढून घ्या.

तिकडच्या गोष्टी, चटकन

ब्रिटनमध्ये १९७१ पर्यंत एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगचे बारा पेन्स होते. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. आपल्याकडेही १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, आजोबांना विचारता येईल. अमेरिकेत डाइम म्हणजे दहा सेंट, निकेल पाच, क्वार्टर पंचवीस. मैल १.६ किलोमीटर, फूट ३० सेंटिमीटर, आणि माणसाचं वजन 'स्टोन'मध्ये आलं तर एक स्टोन साधारण ६.३५ किलो. ब्रिटिश पुस्तकातला फर्स्ट फ्लोअर आपल्यासारखाच तळमजल्याच्या वर, अमेरिकन पुस्तकातला मात्र तळमजलाच. जुन्या ब्रिटिश पुस्तकात 'कॉर्न' आलं तर मका समजू नका, ते गहू-बार्लीसारखं धान्य असतं. इंग्लंडमधलं 'पब्लिक स्कूल' म्हणजे भरमसाट फी असलेली खाजगी शाळा.

हवामानाकडे मात्र थोडं थांबा. आपल्याकडे पाऊस आला की गोष्टीत सुटका येते, आनंद येतो. इंग्रजी कादंबरीत सलग पाऊस पडत असेल तर लेखक बहुधा उदासी भरतोय किंवा संकटाची वर्दी देतोय, आणि ऊन पडलं तर चांगलं काहीतरी येतंय. वातावरणावरचा प्रश्न परीक्षेत येतो आणि मराठी मुलं तिथे अगदी स्वाभाविकपणे उलटं लिहून बसतात.

गप्पा कशा मारायच्या

रोज दहा मिनिटं, जेवताना किंवा क्लासला सोडताना. "कळलं का?" विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. "किती पानं झाली?" यावरही गप्पा होत नाहीत. असं विचारून बघा:

"तो अजून त्या घरात का थांबलाय? तू असतास तर काय केलं असतंस?"
"तिला खरं माहीत आहे की ती नाटक करतेय? कशावरून?"
"गोष्ट सांगणारा माणूस कोण आहे? त्याचं सगळं खरं मानायचं का?"
"आता पुढे काय होईल? पैज लावायची?"

यातला 'कशावरून' सर्वांत महत्त्वाचा. उत्तर मराठीत चालेल, पण पुरावा पुस्तकातलं पान उघडून दाखवायचा. नेमकी ओळ सापडली की तिथे छोटी चिठ्ठी लावून ठेवा. प्रकरणाला दोन चिठ्ठ्या पुरे. महिन्याअखेरीस याच चिठ्ठ्या उत्तरांचा कच्चा माल होतात.

मूल बोलताना "तो खूप डिप्रेस्ड होता अ‍ॅक्च्युअली" असं मिसळून बोलेल. बोलू द्या. शुद्ध मराठीचा तास याच वेळी घेतलात तर ते बोलायचंच बंद होतं.

मराठीतल्या गप्पांपासून इंग्रजी उत्तरापर्यंत

प्रश्न घ्या: नायक गाव का सोडतो? आधी मूल मराठीत तोंडी सांगेल. तुम्ही त्यातले तीन मुद्दे कागदावर टिपा, एकेका शब्दात. मग मूल प्रत्येक मुद्द्याची चिठ्ठी शोधेल आणि ओळीतले पाच ते आठ शब्द अवतरणचिन्हांत उतरवेल. अख्खी वाक्यं उतरवायची नाहीत. आता कागद समोर ठेवून इंग्रजीत लिहायचं: मुद्दा, पुरावा, आणि त्यातून काय दिसतं. तीन मुद्द्यांचं मिळून शंभर ते दीडशे शब्दांचं उत्तर होतं. मराठी उत्तर आधी पूर्ण लिहून मग त्याचं भाषांतर करू नका. वाक्यरचना मराठीचीच राहते आणि वेळ दुप्पट जातो.

तीन चुका जवळजवळ प्रत्येक वहीत दिसतात. पहिली, काळ. कादंबरीतल्या घटनांबद्दल इंग्रजीत वर्तमानकाळात लिहिण्याचा प्रघात आहे. मुलं 'गोज'ने सुरू करून 'वेंट'वर जातात आणि परत येतात. दुसरी, "त्याने सांगितलं की" वरून आलेलं 'ही टोल्ड दॅट'. 'टोल्ड' नंतर कुणाला सांगितलं ते लागतं, नाहीतर 'सेड' वापरायचं. तिसरी, कथानक सांगत सुटणं. प्रश्न 'का' असतो आणि उत्तर 'मग काय झालं' यात वाहून जातं. वही तपासताना 'देन' हा शब्द मोजा. चारपेक्षा जास्त वेळा आला तर गोष्ट सांगितली आहे, उत्तर दिलेलं नाही.

गाईड, सिनेमा, अनुवाद

यांना बंदी घालून उपयोग नाही, क्रम लावून द्या. मराठी अनुवाद किंवा रूपांतर मिळत असेल तर अवघड पुस्तकाच्या बाबतीत ते आधी वाचायला काहीच हरकत नाही. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या त्यावर मुलांच्या पिढ्या वाढल्या. गोष्ट माहीत असली की इंग्रजीकडे लक्ष द्यायला डोकं मोकळं राहतं. रहस्यकथेत मात्र शेवट कळून मजा जाते, तिथे अनुवाद प्रकरणागणिक वापरा: आधी इंग्रजी प्रकरण, मग तेच मराठीत. सिनेमा पुस्तक संपल्यावर. आधी पाहिला की मुलं परीक्षेत सिनेमातले प्रसंग लिहून येतात. गाईड आणि फोनवर मिळणारे तयार सारांश सर्वांत शेवटी, उजळणीपुरते. एआयने केलेला सारांश कधीकधी पुस्तकात नसलेली घटनाही बिनदिक्कत सांगतो. म्हणून त्यातल्या प्रत्येक घटनेसमोर मुलाने पान क्रमांक लिहायचा. क्रमांक सापडला नाही तर ती ओळ खोडायची.

बारावीच्या उताऱ्यांबद्दल

राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात कादंबरीचा स्वतंत्र विभाग आहे. कादंबरीच्या इतिहासावरचं प्रकरण आणि तीन उतारे: ब्रेथवेटच्या 'टू सर, विथ लव्ह'मधला, व्हर्नच्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'मधला आणि कॉनन डॉयलच्या 'द साइन ऑफ फोर'मधला. अडचण अशी की उतारा मधून उचललेला असतो आणि मुलं तेवढ्यावरच पात्राचं चित्र रंगवतात. प्रत्येक कादंबरीची पूर्ण गोष्ट आधी एका बैठकीत मराठीत सांगून टाका. अर्धा तास पुरतो.

व्हर्नच्या गोष्टीत एक दिवस जास्त कसा मिळतो, यावर मुलं हमखास अडतात. पूर्वेकडे जाताना प्रत्येक रेखांशाला घड्याळ चार मिनिटं पुढे जातं. ३६० गुणिले ४ म्हणजे १,४४० मिनिटं, पूर्ण एक दिवस. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची म्हणून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, हे मुलांनी भूगोलात केलेलंच असतं. तेच गणित इथे लावायचं. कॉनन डॉयलच्या १८९० मधल्या कादंबरीत खजिना १८५७ च्या आग्र्याचा आहे, आणि अंदमानातल्या माणसाचं वर्णन आज वाचताना खटकावं असं आहे. ते झाकू नका. "हे कोण सांगतंय, आणि आग्र्यातल्या माणसाने हेच कसं सांगितलं असतं?" हा प्रश्न मराठीत विचारला की दृष्टिकोन म्हणजे काय हे व्याख्या न देता समजतं.

परदेशातल्या घरांत

लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी मुलांचं गणित उलटं असतं, इंग्रजी भक्कम आणि मराठी बोलण्यापुरतं. इंग्लंडमध्ये जीसीएसईच्या, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या, इंग्रजी साहित्यात एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी असतेच. तिथेही गप्पा मराठीत ठेवता येतात, फक्त प्रश्न छोटे करा आणि अडलेला शब्द तुम्ही पुरवा. मुलाने इंग्रजीत उत्तर दिलं तरी तुम्ही मराठीतच बोलत राहा.

एवढं करूनही अडत असेल तर

मुलाला मराठी मजकूर वाचायला द्या, त्याच्या इयत्तेपेक्षा दोन वर्षं खालचा. मराठी माध्यमात नसल्याने वेग कमी असेल, तो मोजू नका. पण अक्षरं उलटसुलट होणं, ओळ निसटणं, पुन्हा पुन्हा त्याच शब्दाशी थांबणं दोन्ही भाषांत दिसत असेल, तर अडचण इंग्रजीची नाही. आधी डोळे तपासा, मग अध्ययन-अक्षमतेची चाचणी करून घ्या. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. प्रमाणपत्र मिळालं तर मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात, पण तपासणीला वेळ लागतो. दहावीच्या वर्षाची वाट पाहू नका, आठवीतच सुरुवात करा. तोवर ऐकत वाचणं चालू ठेवा.

चाचणीची गरज नसेल आणि पुस्तक कसंबसं संपलं असेल, तर लगेच दुसरं घ्या, आणि ते त्याच लेखकाचं किंवा त्याच मालिकेतलं असू द्या. तेच शब्द, तशीच वाक्यं, तीच दुनिया पुन्हा भेटते. तिथे तीस पानांची सोबत लागणार नाही, दहा पुरतील. प्रश्नोत्तरं, चिठ्ठ्या, वही यातलं काहीच या पुस्तकाला लावू नका.